फेरोई सामासिक शब्दाची व्युत्पत्ती कशी शोधावी: 'शेर्पिच्योत' शब्द घेऊन टप्प्याटप्प्याने

फेरोई भाषेतला एखादा लांब शब्द समोर आला की त्यातला ओळखीचा वाटणारा तुकडा आधी पकडायचा आणि उरलेल्याला कसाबसा अर्थ चिकटवायचा, ही चूक वारंवार होताना दिसते. 'शेर्पिच्योत' हे तिचं ठळक उदाहरण. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो द्वीपसमूहात मेंढीचं मांस मीठ न लावता महिनोन्‌महिने वाऱ्यावर सुकवतात, त्या मांसाचं हे नाव. पहिल्या तुकड्यात इंग्रजी 'शार्प' ऐकू येतं, मांसाचा वासही उग्र असतो, मग 'झणझणीत चवीचं मांस' असा अर्थ लावून लोक मोकळे होतात. तो तुकडा 'शार्प'च्याच कुळातला आहे हे खरं, पण अर्थ चुकलेला आहे. तो कुठे चुकला, हे सगळे टप्पे क्रमाने पार केले तरच दिसतं.

क्रम मोडू नका. या कामात अर्थ पाचव्या टप्प्यावर विचारायचा असतो. त्याआधी फक्त रूप बघायचं.

## तयारी: काम सुरू करण्याआधी काय हवं

पहिली गरज म्हणजे शब्दाचं अधिकृत लेखी रूप, मूळ फेरोई अक्षरांत. माझ्या या लेखात सगळे शब्द देवनागरीत आहेत, कारण ते वाचायला सोपे जातात. तुमच्या वहीत मात्र हे चालणार नाही. फेरोईत साधा ओ, डोक्यावर तिरपी खूण असलेला ओ आणि आडवी रेघ मारलेला ओ ही तीन वेगळी अक्षरं आहेत. 'कायदा' या अर्थाच्या आजच्या नामात खुणेचा ओ आहे, तर फेरोच्या संसदेच्या 'लोग्तिंग' या नावातल्या पूर्वपदात रेघेचा ओ. देवनागरीत दोन्ही 'लोग' होतात आणि फरकच पुसला जातो. तो फरक हाच इथला पुरावा आहे: समासात जुना स्वर टिकून राहिला, सुटं नाम मात्र बदललं.

दुसरी गरज कोशांची. 1998 साली प्रसिद्ध झालेला फेरोई-फेरोई कोश नेटवर चाळता येतो. शब्दाचं लिंग आणि रूपावली तिथून घ्या. जुन्या नॉर्ससाठी, म्हणजे फेरोई ज्या मध्ययुगीन भाषेतून निघाली तिच्यासाठी, क्लीझ्बी आणि विग्फुसोन यांचा 1874 चा कोश अजूनही उपयोगी आहे आणि तोही नेटवर आहे. जोडीला आइसलँडिक, नॉर्वेजियन, डॅनिश आणि स्वीडिश यांचे साधे शब्दकोश पुरतात.

तिसरी गोष्ट, वहीत चार रकाने आखा: लेखी रूप, उच्चार, जुनं नॉर्स रूप, भगिनी भाषांतली (म्हणजे त्याच मुळातून निघालेल्या भाषांतली) रूपं. पाचवा रकाना अर्थाचा. तो आत्ता कोरा ठेवा.

इशारा: कीबोर्डवर खुणा मिळत नाहीत म्हणून त्या गाळू नका. 'फोरोयार' या देशनामातली ओवरची रेघ गेली की सुरुवातीचा तुकडा डॅनिशमधून आलेल्या 'फोर' या उपसर्गासारखा दिसतो आणि शोध पहिल्याच पावलाला भलतीकडे जातो.

## टप्पा 1: लेखी रूप आणि उच्चार वेगळे लिहा

आजची फेरोई लेखनपद्धती व्ही. यू. हामर्सहाइम यांनी 1846 मध्ये घडवली. त्यांनी ती उच्चारावर न बेतता जुन्या नॉर्सच्या आणि आइसलँडिकच्या जवळ ठेवली. त्यामुळे लिहिलेलं आणि बोललेलं यांत बरंच अंतर पडतं.

'दिवस' या शब्दाचं लेखी रूप 'दागुर' आणि 'माणूस' या शब्दाचं 'माधुर'. (मधलं अक्षर 'एद', ते मी ध ने लिहितो आहे.) बोलताना हे दोन शब्द 'देआवुर' आणि 'मेआवुर' होतात, म्हणजे त्यांचं चक्क यमक जुळतं. ग गेला, ध गेला, आणि दोघांच्या जागी सारखाच व आला. कानावर विसंबणाऱ्याला ही दोन व्यंजनं मुळात वेगळी होती हे कधीच कळणार नाही.

आपल्या शब्दाचं लेखी रूप आहे 'स्केर्पिक्योत'. बोलताना ए, इ, य यांच्या आधीचा 'स्क' हा 'श' होतो आणि 'क' हा 'च' होतो. म्हणून 'शेर्पिच्योत'. दोन्ही रूपं लिहा आणि इथून पुढे लेखी रूपावर काम करा.

तपासणी: लेखनपद्धती व्युत्पत्ती सांभाळणारी असली तरी ती एका अभ्यासकाने विचारपूर्वक ठरवलेली आहे. एखादं एद किंवा ग केवळ तिथे लिहिलं जातं म्हणून मूळचंच असेल असं धरू नका. भगिनी भाषांत तेच व्यंजन दिसायला हवं. 18 व्या शतकात येन्स क्रिस्टियान स्वाबो यांनी फेरोई शब्द उच्चाराप्रमाणे लिहून ठेवले. नव्या पद्धतीच्या आधीचं रूप पाहायचं असेल तर त्यांचा संग्रह उघडा.

## टप्पा 2: शब्द मागून कापा

फेरोई समासात उत्तरपद प्रधान असतं. लिंग त्याचं, रूपं त्याची, वस्तूचा वर्गही तोच सांगतो. म्हणून कात्री शेवटापासून लावायची.

'स्केर्पिक्योत' नपुंसकलिंगी आहे. 'क्योत', म्हणजे मांस, हेही नपुंसकलिंगी. निश्चयवाचक रूप (इंग्रजीत 'द' लावतात तसं) 'क्योतिध', तसंच 'स्केर्पिक्योतिध'. हे जुळलं म्हणजे उत्तरपद सापडलं. दुसरा पुरावाही घ्या: तोच तुकडा आणखी कुठल्या समासात शेवटी येतो का? 'सेयधाक्योत' म्हणजे मेंढीचं मांस. तिथेही तेच 'क्योत'. कापलेली जागा पक्की झाली.

तीन-चार पदांच्या शब्दात ही शिस्त फार कामी येते. राजधानी तोर्शाव्नच्या विद्यापीठाच्या नावात 'फ्रोधस्कापार्सेतुर' असा शब्द आहे. पुढून कापणारा 'फ्रोध' वेगळा काढतो आणि 'स्कापार्सेतुर' या निरर्थक तुकड्यापाशी अडकतो. मागून कापलं तर आधी 'सेतुर' सुटतं, म्हणजे पीठ, आसन. मग उरतं 'फ्रोधस्कापार', आणि त्यात 'फ्रोध' (जाणता) अधिक 'स्कापुर' हा भाववाचक प्रत्यय. इंग्रजी '-शिप' आणि जर्मन '-शाफ्ट' याच प्रत्ययाचे सगोत्र, म्हणजे त्याच मुळातून आलेले, आहेत. विग्रह झाला: ज्ञानाचं पीठ.

इशारा: पुढून पहिला ओळखीचा तुकडा दिसला की हात थांबवा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

## टप्पा 3: सांधा ओळखा

दोन पदांच्या मधल्या अक्षराकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. खरं तर सगळ्यात भरवशाची माहिती तिथेच दडलेली असते. बोलण्यातून फेरोईची षष्ठी विभक्ती जवळजवळ गेली आहे, पण समासांच्या सांध्यात ती शाबूत आहे. नेहमी दिसणारे सांधे असे:

स. 'तोर्शाव्न': 'तोर' या देवाच्या नावाची षष्ठी 'तोर्स' अधिक 'हाव्न', बंदर. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी एकवचनाची ही खूण आहे.

आर. 'फ्रोधस्कापार' मधला. काही पुल्लिंगी आणि बऱ्याच स्त्रीलिंगी नामांची षष्ठी.

आ. 'ग्रिंदाद्राप', पायलट व्हेलची शिकार. 'ग्रिंद' म्हणजे त्या देवमाशांचा कळप, 'ग्रिंदा' ही तिची अनेकवचनी षष्ठी. 'द्राप' हे 'द्रेपा' (ठार मारणे) या क्रियापदापासून स्वर बदलून झालेलं नाम.

उ. 'किर्क्युबोवुर' या गावाच्या नावातला. 'किर्क्या' म्हणजे चर्च, षष्ठीत 'किर्क्यु'. पुढचं पद 'बोवुर', म्हणजे शेतवाडी, गाव. उच्चारात इथे दोन्ही क चे च होतात.

काहीच नाही. 'रोय्क्स्तोवा': 'रोय्कुर' (धूर) चा प्रथमेचा 'उर' गळला, उरलेलं अंग थेट 'स्तोवा' (खोली) ला चिकटलं. जुन्या फेरोई घरातली ही चुलीची, धुराने भरणारी मुख्य खोली.

'आ' या सांध्याबाबत घाई करू नका. तो अनेकवचनी षष्ठीचा असू शकतो, तसाच 'ओक्सी' (बैल) सारख्या पुल्लिंगी नामाच्या एकवचनाचाही. मराठीत 'घोडेस्वार' मधल्या ए वरून स्वाराकडे अनेक घोडे आहेत असं कुणी म्हणत नाही. इथेही वचन सांध्यावरून ठरवायचं नाही, कोशातली रूपावली उघडून ठरवायचं.

आपल्या शब्दात सांध्याला 'इ' आहे. वरच्या यादीत तो कुठेच बसत नाही. म्हणजे पूर्वपद कुठल्या साध्या नामाची षष्ठी नसणार. 'इ' हा साधित रूपाचाच भाग असावा. ही नोंद करा आणि पुढे चला.

तपासणी: सांधा कुठल्याही ओळखीच्या प्रकारात बसला नाही तर टप्पा 2 पुन्हा करा. काप एक अक्षर इकडे-तिकडे झालेला असू शकतो. 'स्केर्प' अधिक 'इक्योत' करून पाहिलं तर 'इक्योत' कोशात मिळत नाही, म्हणजे आपला काप बरोबर होता.

## टप्पा 4: ध्वनी मागे न्या

आता प्रत्येक पदाला जुन्या नॉर्सपर्यंत मागे न्यायचं. हा टप्पा सावकाश करा. फेरोईतले पाच बदल पाठ असले तर बहुतेक शब्द उलगडतात.

थ चा त, आणि क्वचित ह. जुन्या नॉर्समधला 'थिंग' (सभा) फेरोईत 'तिंग' झाला, 'थू' (तू) चा 'तू' झाला. पण 'थार' (तिथे) चं 'हार' झालं. एकाच नावात दोन्ही वाटा दिसतात: देव थोर याचं बंदर 'तोर्शाव्न', पण त्याचाच वार, म्हणजे गुरुवार, 'होस्दागुर'. सुधुरोय बेटावर मात्र 'तोर्स्दागुर' म्हणतात. हे ठाऊक नसलेला माणूस 'होस' या तुकड्याचा अर्थ आयुष्यभर शोधत बसेल.

मागाहून आलेले ग्व आणि ग्ग्य. काही दीर्घ स्वरांपुढे फेरोईत नवी व्यंजनं उगवली. 'समुद्र' जुन्या नॉर्समध्ये 'स्योर', फेरोईत लेखी 'स्योग्वुर', उच्चारी 'शेक्वुर'. 'बेट' जुन्या नॉर्समध्ये 'एय', फेरोईत लेखी 'ओय्ग्ग्य', उच्चारी 'ओच्च'. ही व्यंजनं मूळची नाहीत, म्हणून इतर भाषांत ती शोधायची नाहीत. समासात बऱ्याचदा त्यांच्याविना असलेलं रूप टिकतं: खलाशी 'स्योमाधुर', त्यात ग्व नाही. बेटांच्या नावांच्या शेवटी नुसतं 'ओय': 'स्त्रेय्मोय' (प्रवाहांचं बेट), 'फुग्लोय' (पक्ष्यांचं बेट). बोलताना तर हे 'ओय' झिजून नुसतं 'इ' उरतं; 'स्त्रेय्मोय' कानावर 'स्त्रेय्मि' असं पडतं.

ल्ल चा त्ल. मांस सुकवायच्या लाकडी खोपटाला 'ह्याल्लुर' लिहितात आणि 'यात्लुर' म्हणतात. त मूळचा नाही, आणि सुरुवातीचा ह लिहिण्यापुरता राहिला आहे.

गळालेले ध आणि ग. टप्पा 1 मध्ये पाहिले.

पुढच्या इ मुळे बदललेला स्वर. पुढच्या अक्षरात इ किंवा य असला की आधीचा आ ए कडे ओढला जाई. 'माधुर' चं अनेकवचन 'मेन' होतं ते यामुळेच. इंग्रजीतलं 'मॅन' आणि 'मेन' हेही त्याच बदलाचं फळ.

या शेवटच्या नियमाने आपलं पूर्वपद उघडतं. 'स्केर्पि' मधला ए हा पुढच्या इ मुळे आला. तो मागे नेला की 'स्कार्प' मिळतं, जुन्या नॉर्समधलं विशेषण 'स्कार्पर'. टप्पा 3 मध्ये खटकलेला 'इ' इथे जागेवर बसतो: विशेषणापासून साधलेलं रूप, आणि त्याच साधनेमुळे झालेला स्वरबदल. उत्तरपद 'क्योत' जुन्या नॉर्समध्येही जवळपास तसंच होतं.

इशारा: एका पदासाठी तुम्हाला नियमाबाहेरचे दोन अपवाद गृहीत धरावे लागले, तर ती वाट सोडा. हव्या त्या अक्षराला हवं तसं वाकवलं की कुठलाही शब्द कुठल्याही शब्दापासून काढता येतो.

## टप्पा 5: भगिनी भाषांशी ताडून मगच अर्थ विचारा

'क्योत' सोपं आहे. आइसलँडिक 'क्योत', नॉर्वेजियन आणि स्वीडिश रूपंही त-युक्त, डॅनिशमध्ये मात्र शेवटी द लिहिला जातो. हा द गोंधळात पाडतो. डॅनिशमध्ये स्वरानंतरचे प, त, क हे ब, द, ग झाले. म्हणून फेरोई त समोर डॅनिश द येणं हेच नियमाला धरून आहे. दोन्हीकडे तंतोतंत तेच अक्षर दिसलं असतं तर उलट उसनवारीचा संशय घ्यावा लागला असता.

आता 'स्कार्पर'. इंग्रजी 'शार्प', जर्मन 'शार्फ', डॅनिश 'स्कार्प' हे सगळे सगोत्र, आणि आज सगळ्यांचा मुख्य अर्थ धारदार, तीक्ष्ण. इथे थांबलात तर 'झणझणीत मांस' हाच निष्कर्ष निघेल. नियम असा की समास ज्या भाषेत घडला त्या भाषेच्या जुन्या थरातला अर्थ पाहायचा, शेजाऱ्याचा आजचा नाही.

जुन्या नॉर्सच्या कोशात 'स्कार्पर' चा दुसरा अर्थ दिलेला आहे: सुकून आक्रसलेला, सुरकुतलेला. तो केवळ कोशकाराचा तर्क नव्हे. 1270 च्या सुमारास लिहिलेल्या हस्तलिखितातून आपल्यापर्यंत पोचलेल्या 'हावामाल' या काव्यात एक कडवं आहे. पिकल्या केसांच्या म्हाताऱ्याला हसू नकोस, असं ते बजावतं. आक्रसलेल्या कातड्याच्या पिशवीतूनही शहाणे बोल निघतात. तिथे कातड्याला लावलेलं विशेषण हेच आहे, आणि पुढच्याच ओळींत ते कातडं इतर चामड्यांच्या रांगेत टांगलेलं आहे. धारेचा किंवा चवीचा तिथे संबंधच नाही. वाळत टांगलेल्या वस्तूचं वर्णन आहे.

आता पाचवा रकाना भरा: सुकून आक्रसलेलं मांस.

## टप्पा 6: वस्तू स्वतः कशी आहे ते पाहा

भाषेने दिलेलं उत्तर वस्तूला लागू पडतं का? शरद ऋतूत मेंढ्या कापल्या जातात. मांस 'ह्याल्लुर' मध्ये टांगतात. त्याच्या भिंतींच्या फळ्यांमध्ये फटी ठेवलेल्या असतात, त्यातून खारा समुद्री वारा आरपार वाहतो. आधी मांस आंबतं. त्या अवस्थेला 'रेस्त' म्हणतात आणि त्या वेळी ते शिजवून खातात. आणखी काही महिने टांगून ठेवलं की ते पूर्ण सुकतं, आकसतं, गडद होतं. मग ते न शिजवता पातळ काप करून खाल्लं जातं, आणि 'स्केर्पि' हे पद लागतं ते या शेवटच्या अवस्थेला.

उग्र वास मात्र 'रेस्त' अवस्थेतही असतोच. नाव वासावरून पडलं असतं तर ते आधीच्या अवस्थेलाही लागू झालं असतं. नाव बदलतं ते मांस सुकल्यावर, आणि म्हणून 'आक्रसलेलं' हा अर्थ अधिक पक्का ठरतो.

तपासणी: वस्तूवरून व्युत्पत्ती सुचली आणि मग तिला साजेसं रूप शोधलं, असं तर झालं नाही ना? हा टप्पा सहावा आहे तो याचसाठी.

## टप्पा 7: परका किंवा नवा तुकडा आहे का

सगळे तुकडे नॉर्सच असतील असं नाही. बेटांवर गेलिक भाषेची, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या भाषेची, छाप आहे. 'आर्गिस्ब्रेक्का' या जागेच्या नावात 'ब्रेक्का' (उतार) नॉर्स आहे, पण 'आर्गि' हा गेलिकमधून आलेला, उन्हाळी चराईच्या तळासाठीचा शब्द. सांध्यातला स मात्र पक्का नॉर्स पद्धतीचा. उसन्या शब्दालाही घरचे प्रत्यय लागतात, म्हणून सांधा नॉर्स दिसला की पूर्वपदही नॉर्सच, असं समीकरण मांडू नका.

उलट टोकाला 20 व्या शतकात मुद्दाम घडवलेले शब्द आहेत. 'फ्लोग्फार' म्हणजे विमान: 'फ्लोग' (उड्डाण) अधिक 'फार' (वाहन, नौका). दोन्ही पदं जुनी, समास नवा. हा शब्द जुन्या नॉर्स कोशात सापडला नाही म्हणून गोंधळून जायचं कारण नाही. 'फार्तेल्दा', म्हणजे लॅपटॉप, यात तोच 'फार' पुढे आला की 'सोबत नेण्याजोगा' असा अर्थ देतो. 'तेल्दा' (संगणक) हे 'तेल्या', मोजणे, या क्रियापदापासून साधलेलं. पद तेच असलं तरी जागा बदलली की काम बदलतं, म्हणून एका समासातला अर्थ उचलून दुसऱ्यात टाकू नका.

## टप्पा 8: निष्कर्ष किती पक्का ते लिहूनच नोंद पुरी करा

प्रत्येक पदासमोर खात्रीची पातळी लिहा. 'शेर्पिच्योत' बाबत उत्तरपद पक्कं. पूर्वपदाचं रूप नियमांनी सिद्ध. अर्थाला जुन्या काव्याचा आणि वस्तूचा, असा दुहेरी आधार. एवढं पुरेसं आहे.

सगळ्याच शब्दांचं इतकं नीट जमत नाही. देशाचं नाव 'फोरोयार' (उच्चारी 'फोर्यार') घ्या. उत्तरपद 'ओयार', म्हणजे बेटं, यावर वाद नाही. ग्ग्य नसलेलं रूप का, ते टप्पा 4 मध्ये आलंच. पूर्वपद 'मेंढी' या अर्थाच्या जुन्या शब्दाशी जोडतात. डॅनिश आणि स्वीडिशमध्ये मेंढीला आजही 'फोर' म्हणतात. डिक्विल या आयरिश भिक्षूने 825 मध्ये उत्तरेकडच्या, असंख्य मेंढ्या असलेल्या बेटांबद्दल लिहिलं, ती बेटं हीच असं सहसा मानतात. पण फेरोईत मेंढीला 'सेयधुर' म्हणतात, आणि आइसलँडिकमध्येही त्याचाच सगोत्र आहे. नॉर्स जगाच्या पश्चिम भागात हा शब्द रूढ असताना बेटांच्या नावात दुसरा का यावा, हा प्रश्न उरतोच. म्हणून काही अभ्यासक गेलिकमधल्या 'जमीन' या अर्थाच्या शब्दाकडे बोट दाखवतात.

अशा वेळी नोंदीत दोन्ही पर्याय लिहा, 'मेंढ्यांची बेटं' हा पहिला ठेवा, आणि त्याच्यापुढे 'बहुमान्य' असं लिहा, 'सिद्ध' असं लिहू नका. आक्षेप कुठला, तोही त्याच ओळीत नोंदवा. नंतर नोंद चाळणाऱ्याला तुमच्या निष्कर्षाइतकीच त्या आक्षेपाचीही गरज पडते.